भिंतीवर न उमटलेली रेषा

“आत्ता गप्प बस. ऑर्डर होऊ दे, मग बघू,” आपटेकाका हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाले. समोरच्या डोरोथीला वाटावं, आम्ही लंचचं बोलतोय.

मला एका जागी बसवेना.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परदेशात, अर्विंग गावातली आमची छोटी कंपनी स्कॅन कन्व्हर्टर बनवायची. कॉम्प्युटरच्या चित्रात आडव्या ओळी जास्त, टीव्ही प्रोजेक्टरला चालायच्या कमी. आमचा बॉक्स मधे बसून एक ओळ घ्यायचा, एक गाळायचा. कंपनी आपटेकाकांची. ऑफिसात सगळे त्यांना विनू म्हणत, मी काका म्हणायचे, कारण रविवारी जेवायला त्यांच्याचकडे. ही ऑर्डर गेली तर कंपनीला टाळं, आणि माझा व्हिसा कंपनीवर.

डोरोथी वीज कंपनीच्या कंट्रोल रूमची प्रमुख. तिच्या टेबलावरच्या स्क्रीनचं चित्र आम्ही भिंतीवर मोठं करून दाखवत होतो. टेबलावरच्या स्क्रीनवर, तारांच्या नकाशात, एका स्विचच्या चिन्हात बारीक आडवी रेषा होती. म्हणजे स्विच जोडलेला, तारेत वीज. भिंतीवर ती रेषाच नव्हती. गाळलेल्या ओळींत नेमकी तीच गेली होती. भिंतीकडे बघून कोणी माणूस खांबावर चढवला तर?

लॅबमध्ये कळलं कसं नाही? आम्ही सगळे टीव्हीवाले. टेस्ट करायची ती रंगीत उभ्या पट्ट्यांवर, हीच सवय. उभ्या पट्ट्यातल्या निम्म्या ओळी गाळल्या तरी पट्टा तसाच दिसतो.

“एव्हरीथिंग ओके?” डोरोथीने विचारलं.

काकांनी डोळे वटारले. मी इंग्लिशमध्येच सांगून टाकलं, “तो स्विच भिंतीवर बंद दिसतोय. खरा चालू आहे. चूक आमच्या बॉक्सची.”

तिने टेबलाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि डेमो कॅन्सल केला.

परतल्यावर पार्किंग लॉटमध्ये काका म्हणाले, “दुरुस्त होईल?”

“होईल. ओळ गाळायची नाही, शेजारच्या दोन मिसळून एक करायची.”

ते जमेपर्यंत जीव टांगणीला होता. नवं चित्र पुसट आलं.

“किती मळकट दिसतंय गं!”

“पण रेषा आहे ना, काका?”

डोरोथीने तेच मळकट चित्र घेतलं. सही करताना म्हणाली, “विनू, मला तुमची भाषा येत नाही, पण वटारलेले डोळे कळतात. त्या दिवशी तू हिला जे सांगितलंस, ते माझ्या कंट्रोल रूममध्ये पुन्हा कोणाला सांगू नकोस.”

त्यानंतर आमच्या टेस्टमध्ये एक बारीक आडवी रेषा आली आणि ग्राहकासमोरचं मराठी बंद झालं.