व्हिडिओ कॉलवरची दृष्ट

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी सगळ्या विभागासमोर माझं काम सांगत असताना माझी वाचाच बसली. छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. आता आपण मरणार, अशी खात्रीच झाली. मी अर्ध्यावर उठून बाथरूममध्ये गेलो आणि दार लावून खाली बसलो. बाहेर आल्यावर एका प्राध्यापकांनी मायेनं पाणी दिलं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ते परत परत व्हायला लागलं. चंदीगडजवळच्या नॉलेज सिटीत, आमच्या संस्थेच्या मेसच्या रांगेत, एकदा बसमध्ये. आई सोलापूरकडच्या आमच्या गावी. तिला मी व्हिडिओ कॉलवर एवढंच म्हणालो, "जरा बरं वाटत नाही." तिनं माझा चेहरा निरखला.

"धास्ती घेतलीयास रं तू. थांब, दिष्ट काढते. फोन सरळ धर."

मी जीवशास्त्रात संशोधन करणारा. शाळेत असताना याच आईला मी हे सगळं थोतांड असल्याचं ऐकवलं होतं. पण फोन सरळ धरला. तिनं मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन पडद्यावरच्या माझ्या तोंडावरून ओवाळल्या, काहीतरी पुटपुटली आणि तापल्या तव्यावर टाकल्या. "बघ, ठसका न्हाई. लई लागली हुती."

त्या रात्री मला शांत झोप लागली. लाज वाटली ती त्याचीच.

पुढे हे रोज संध्याकाळी सुरू झालं. एकदा खोलीतला जोडीदार अचानक आत आला. "यार, आंटीजी क्या कर रही हैं?"

"रेसिपी दिखा रही हैं," म्हणत मी फोन पालथा घातला. पालथ्या फोनमधून आईचा आवाज येत राहिला, "अरं, दिसंना झालास की."

त्रास काही थांबेना. संस्थेतल्या समुपदेशकाकडे जाताना कुणी बघेल, म्हणून मी चंदीगडला सेक्टर ३४ मधल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, पंजाबी. मी त्यांना सगळी लक्षणं प्रयोगाचा अहवाल द्यावा तशी सांगितली. "घरवाले क्या कहते हैं?" त्यांनी विचारलं. "कुछ नहीं," मी म्हणालो. त्यांनी गोळ्या दिल्या. फोनवर आईला गोळ्यांचं सांगितलं, तर ती म्हणाली, "डोक्याच्या गोळ्या नकोत, सवय लागती." मी त्या बंद केल्या आणि आणखीच बिघडलो. मी फोनही उचलेनासा झालो, तेव्हा आई एकटी ट्रेननं इथं आली.

तिला घेऊन परत डॉक्टरांकडे गेलो. आईला हिंदी जेमतेम. ती मला म्हणाली, "इचार त्यास्नी, माझं लेकरू येडं झालंय का?"

मी डॉक्टरांना सांगितलं, "माँ पूछ रही हैं, कितना टाइम लगेगा."

डॉक्टर आईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "नहीं. उन्होंने जो पूछा, वही बताइए."

सांगावं लागलं. त्या आईकडे वळल्या. "पागल नहीं है, माँजी. डर की बीमारी है, ठीक होती है. आपके यहाँ बच्चा डर जाए तो क्या करते हैं?"

आईनं मूठ वळली आणि भर क्लिनिकमध्ये माझ्यावरून ओवाळली. मी फरशीकडे बघत बसलो.

"मिर्ची भी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिर्ची, मिर्ची!" आई खुलली.

"हमारे यहाँ भी वारते हैं." मग मला म्हणाल्या, "ये मुझे क्यों नहीं बताया?"

"शर्म आती है, डॉक्टर."

त्या हसल्या नाहीत. आईचा हात धरून सावकाश म्हणाल्या, "नज़र रोज़ उतारिए. पर गोली बंद नहीं. नज़र के बाद आपके सामने गोली खाएगा. ये देखना आपका काम." मी मराठीत सांगितलं, या वेळी शब्दन् शब्द. आईनं मान डोलावली.

जिन्यात वरच्या कोचिंग क्लासच्या दोन मुली भेटल्या. आमचं मराठी ऐकून थांबल्या. "मावशी, तुम्ही कुठल्या? इथं कुणाकडे आलात?"

"दाताच्या डॉक्टरकडे," आईच्या आधी मीच म्हणालो.

रिक्षात बसल्यावर आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "माझी लाज वाटली व्हय रं?"

"तुझी नाही गं."

"मग कुणाची?"

मी पुढे वाकून रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागलो.

आठवडाभर राहून ती गावी गेली. आता रोज संध्याकाळी ओवाळून झालं की विचारते, "गिळलीस? जीभ दाखव." आणि अठ्ठावीस वर्षांचा मी फोनसमोर जीभ बाहेर काढतो. त्रास बराच कमी झालाय. मध्यंतरी पुन्हा विभागासमोर उभा राहिलो. आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत बोललो. गाईड सरांनी विचारलं, "मधले काही महिने काय झालं होतं?" मी म्हणालो, टायफॉइड. त्यांनी काळजीनं मला उकळलेलं पाणी प्यायला सांगितलं.