हजेरीवरचा काका

पिंपळे गुरवच्या आमच्या खोलीच्या पत्र्यांना आई आतून पत्रकं चिकटवायची, कणकेची खळ करून. कारखान्याच्या गेटावर वाटलेली ती पत्रकं वडील घडी घालून घरी आणत. लाल अक्षरांची, निळ्या अक्षरांची, सरकारी पक्षाची गुळगुळीत कागदावरची. मी वाचायला शिकले ती त्या भिंतींवर. शाळेतल्या कविता पाठ होण्याआधी मला मागण्या पाठ होत्या.

वडील कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर टेंपरवारी होते. दोनशे चाळीस दिवस भरले तर माणसाला पर्मनंट करावं लागेल, म्हणून त्याआधीच ब्रेक मिळायचा. तिसऱ्या ब्रेकनंतर ठेकेदार म्हणाला, "दुसऱ्या नावानं ये." वडिलांनी धाकट्या भावाचं नाव दिलं. काका गावी तापानं वारून दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी काकाचं नाव पुकारलं जाई आणि वडील "हजर" म्हणत. सोबतचे चिडवायचे, "काय राव, आज वर का खाली?" वडीलही हसायचे. निम्मा शॉप असाच कुणी मेव्हण्याच्या, कुणी चुलत्याच्या नावानं उभा होता.

एका सकाळी प्रेसमध्ये वडिलांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्याच्या कागदावर ती काकाची गेली.

फोरमननं निरोप धाडला, जखम भरली की स्टोअरमध्ये हलक्या कामावर बसवतो, फक्त बोंबाबोंब नको. आमचं घर त्या निरोपाला टांगलेलं होतं.

रविवारी तिघंजण भेटायला आले. आईनं शेजारून कपबशा आणल्या.

लाल बावट्याचे कार्यकर्ते म्हणाले, "भाऊ, मालक आहे तोवर दारिद्र्य राहणार. गेट बंद पाडल्याशिवाय काही खरं नाही."

सरकारी पक्षाच्या युनियनचे म्हणाले, "राव, आधी कारखाने तर वाढू द्या. वाढले की सगळ्यांच्या ताटात पडेल. तुम्ही अर्ज करा, मी शिफारस लावतो."

निळ्या झेंड्याचा माझा मामा दारात उभा होता. "दाजी, हात वाचवायचा गार्ड काढलेल्या प्रेसवर कोण उभं हाय ते मोजा. समदी आपलीच."

"आधी पोट," लाल बावट्याचे म्हणाले. "जात मग आपोआप जाते."

"जाते? तुमची गेली का?"

आवाज चढले. वडील बांधलेला हात छातीशी धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. नावाचा विषय काढायचा नाही. तिघांचीही माणसं मेलेल्यांच्या, गावाकडच्यांच्या नावांवर कामाला होती.

मी अठराची होते. मला तो भ्याडपणा वाटला. कॉलेजातल्या सायक्लोस्टाइलवर मी माझं पहिलं पत्रक काढलं: 'मेलेला माणूस प्रेस चालवतो'. वडिलांचं नाव घातलं नाही. "एका कामगाराची तीन बोटं" एवढंच लिहिलं. तेवढ्यानं वडील बचावतील, अशी माझी समजूत. पहिल्या शिफ्टला मी ते स्वतः गेटावर वाटलं.

पट्टी सुटल्यावर वडील कामावर गेले, तेव्हा फोरमननं पत्रक त्यांच्यापुढे धरलं. "बोटं गेली तो मयत आहे, असं ह्यात छापलंय. मग तुम्ही कोण?"

स्टोअरचं काम गेलं. दवाखान्याचे कागद निकामी झाले. त्याच आठवड्यात दुसऱ्यांच्या नावांवर उभे असलेले सगळे गेटाबाहेर काढले गेले. नळावर बायका आईला पाहून हंडे उचलून बाजूला होऊ लागल्या. तिघांपैकी कुणी फिरकलं नाही. मामासुद्धा नाही.

वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला पत्रक वाचायला लावलं. मी उभी राहून सबंध वाचलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"बरं लिवलंयस," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर ह्यात बी माजं नाव न्हाई."

त्या पत्रकातलं एकही वाक्य मी आजही मागं घेणार नाही. ते खरं होतं, आणि माझ्या बापाला विचारून लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वडील चाकणच्या बाजारात बायकांच्या ओळीत बसून डाव्या हातानं कांदा निवडू लागले. "तितं नाव इचारत न्हाईत," एवढंच ते आईला म्हणाले.