दोन दारांच्या गाडीचा साक्षीदार

ती घटना मी कधीच विसरलो, असं घरी सांगतो. घरचे विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबर आहेत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले पुष्कळसे आता धड आठवत नाहीत. ती लाल गाडी मात्र आठवते. दिवाळीत सगळे जमले की मुलगी हमखास म्हणते, "बाबा, ती दोन दारांची गोष्ट सांगा ना." मग मी सांगतो, आणि सांगताना स्वतःची बाजू थोडी सावरून घेतो. इथं लिहून द्यायचं आहे. लिहून दिलेल्यात फेरफार करू नये, हे खात्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

त्या वेळी मी भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कुणाचंच नाव लिहीत नाही. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, गुडघे कुरकुरत होते आणि एक हौस शिल्लक होती.

हौस जुनी होती. नवखा फौजदार असताना नाकाडोंगरीकडे बंदोबस्ताला गेलो होतो. तिथं मोहाच्या झाडाखाली खाणीवरच्या कुण्या साहेबाची गाडी उभी होती. ठेंगणी, लांब नाकाची, दोनच दारांची. दार उघडलं तर गोठ्याच्या फाटकाएवढं रुंद. साहेब तिच्यात चढला नाही, उतरला. विहिरीत उतरावं तसा. गाडी निघून गेली आणि मी धुळीकडे पाहत उभा राहिलो. हवालदारानं विचारलं, "साहेब, ओळखीचे होते काय?"

खात्यात अधिकारी झालं की माणूस गाडीच्या डाव्या बाजूला बसतो. उजवीकडे चालक शिपाई. पंचवीस वर्षं मी डावीकडून जिल्हा पाहिला. घरी पांढरी, चार दारांची छोटी गाडी होती. तिच्यात आईचे गुडघे, तांदळाचं पोतं आणि सौभाग्यवतींचं माहेर असं सगळं मावायचं. दोन दारांचा विषय काढला की सौ. म्हणायची, "अन् मागं आईंनी कसं चढाचं? समोरचा उतरंन, शीट वाकवंन, मंग आई वाकतीन. वाकल्या तर त्यायले सरळ कोण करंन?" आतून आईचा आवाज यायचा, "मले कुठं नोको नेऊ बाप्पा, पण गाडी चार दाराची घे."

नवी घ्यायची ऐपत नव्हती. मी मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती पाहत बसायचो. शिपायांना वाटायचं, साहेब परिपत्रकं वाचतात.

आमचा एक खबऱ्या होता, रस्त्यावर पंक्चरचं दुकान असलेला. त्याला माझी हौस ठाऊक होती. एका शनिवारी हजेरी आटोपल्यावर आला.

"साहेब, बंद राइस मिलच्या शेडात एक गाडी उभी हाय. लाल. दोन दाराची. ताडपत्री टाकून ठेवली हाय."

"केवढ्याला देतो?"

"सस्ती देऊन राहिला. लयच सस्ती."

असं म्हणून तो थांबला. मी पत्ता विचारला, किती चालली विचारलं, टायर कसे आहेत विचारलं. तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला आणि गेला. त्यानं मला खबर दिली होती. मी ती जाहिरात म्हणून ऐकली. हे लक्षात यायला मला पाच दिवस लागले.

रविवारी साध्या कपड्यांत, एकटाच गेलो. विकणारा तिशीतला, गोड बोलणारा. "या काकाजी," म्हणाला आणि ताडपत्री ओढली.

मी आत उतरलो. उजवीकडे. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. पुढचा थोडा वेळ काय झालं ते मला सांगता येत नाही. त्याबद्दल दुसऱ्याच माणसाचा जबाब आहे, तो पुढं येईल.

फेरी मारायला करडी गावाच्या रस्त्यानं निघालो. निघताना गाडी दोनदा बंद पाडली. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडून कापणीला आलेलं, बोडीत, त्या लहानशा तळ्यात, जरासं पाणी, आणि बोनेट माझ्या पुढं नांगरासारखं चाललेलं. पहिल्याच गतिरोधकावर पोट घासलं. "तिरपी घ्या काकाजी," तो म्हणाला. मग मी प्रत्येक गतिरोधक तिरपा घेतला, सापानं बांध ओलांडावा तसा. बांधावरच्या बाया विळे थांबवून पाहत होत्या. त्या हसत होत्या हे मला दिसत होतं, पण त्या दिवशी मी कुणाचंही हसणं माफ केलं असतं.

परत आल्यावर दार लावताना काच दिसली. काही गाड्यांच्या काचांवर कोपऱ्यात चेसिस नंबरचे शेवटचे आकडे कोरलेले असतात. इथं त्या जागी बारीक घासलेलं होतं, नखाएवढं. कागद दुसऱ्या राज्याचे, ना-हरकत दाखला "येऊन राहिला". दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याच मिनिटाला मी त्या पोराची कॉलर धरली असती. मी मनाशी म्हणालो, काच बदलली असेल. नंतर म्हणालो, दगड लागला असेल. आणि तोंडानं म्हणालो, "आठ दिवस कुणाला दाखवू नकोस."

बुधवारी ठाण्यात एक गृहस्थ आले. साठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. "जय भीम साहेब," म्हणून उभेच राहिले. बसा म्हटल्यावर बसले. एसटीचे निवृत्त चालक होते. गाडी चोरीला गेली होती. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीवर टाकलेल्या कोटातून कुणीतरी चावी काढली आणि बाहेरची गाडी नेली. गुन्हा गोंदियाकडे नोंदवलेला होता. पण हे स्वतः एकेक ठाणं फिरत होते. पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला.

विहारासमोर उभी लाल गाडी. शेजारी पांढऱ्या साडीतली त्यांची बायको, एक हात बोनेटवर, तापलेल्या तव्याला लावावा तसा जपून.

"जुनीच घेतली होती जी, नागपुरातून," ते म्हणाले. "तीस वर्षं पंचावन्न शीटा घेऊन हिंडलो साहेब. मागून घंटी वाजली का थांबा, घंटी वाजली का चाला. म्हटलं, आता अशी गाडी घ्याची का तिच्यात तिसऱ्याले जागाच नाही. मी अन् माही बायको."

"मागे शीट असते ना, लहानशी?" मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. फोटोत मागची शीट दिसत नव्हती.

त्यांच्या ते लक्षात आलं नाही. "असते जी. तिथं आम्ही डबा ठेवत होतो."

आता खरं सांगायची वेळ आली आहे. मी त्यांना म्हणालो, "काही कळलं तर सांगतो." फोटो परत दिला. ते दारापर्यंत गेले, वळले, खिशातून चावी काढून दाखवली. "दुसरी चावी हाय जी माह्याजवळ. सांगाल तवा घेऊन येतो." मी मान हलवली. स्टेशन डायरीला त्यांच्या येण्याची नोंद झाली. माझ्या गप्प बसण्याची झाली नाही.

गुरुवारी दुपारी घरी जेवायला बसलो. ताटातला भात तसाच.

"जेवून काहून नाही राहिले?" सौ.नं विचारलं. "कोणी मेलं काय?"

मी सांगितलं. शेड, काच, फोटो, चावी, सगळं. पंचवीस वर्षं मी लोकांकडून कबुली घेत होतो. ती इतक्या लवकर देता येते हे ठाऊक नव्हतं.

ती थोडा वेळ वाटीतलं वरण ढवळत राहिली. मग म्हणाली, "मी गाडीले नाही म्हणत होती ते आईंच्या गुडघ्यासाठी. तुमाले पाहिजेच असती तर आपण काही केलं असतं. पण आता त्या बाईच्या शीटवर मले नेऊन बसवता काय?"

मी हात धुतले आणि टोपी घातली. ती मागून म्हणाली, "भात झाकून ठेवते."

तासाभरात पंच घेऊन आम्ही शेडात होतो. गाडी जप्त, पोरगा ताब्यात. ठाण्यात आमचे फौजदार त्याची विचारपूस करत होते आणि मी बाजूला उभा होतो.  मग त्याची नजर माझ्या वर्दीवर गेली, चेहऱ्यावर आली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे काकाजी! तुमी?"

हवालदारानं छताकडे पाहिलं. जबाब लिहून घेणारा रायटर कार्बन पेपर सरळ करू लागला.

"ओळखतोस साहेबांना?" फौजदारांनी विचारलं.

"गिऱ्हाईक आहेत माझे." पोरगा आता खुलला. "साहेब, धंद्याची गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक आधी कुठं हात लावते ते पाहाचं. टायरले लाथ मारते ते घेत नाही. बोनेट उघडते ते भाव पाडते. काकाजीनं स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले अन् पाच मिनिटं बोललेच नाही. मी तवाच समजलो, हा माणूस कागद नाही पाहत." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं म्हणाला, "काच तर दिसली होती ना तुमाले, काकाजी? मी पाहत होतो. तुमी पाहून नजर फिरवली."

 तो पोरगा चोर होता, पण निरीक्षणात आमच्या कुठल्याही अंमलदाराच्या वरचढ होता.

गाडी चोरीची नाहीच, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. इंजिनवरचा नंबर घासलेला, चेसिसचा पुन्हा ठोकलेला. लाल गाड्या काय, पुष्कळ असतात. संध्याकाळी निवृत्त चालक आले, सोबत त्यांची बायको. आवारात पंचांसमोर त्यांनी खिशातली चावी दाराला लावली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा फिरली. दार उघडलं, आणि त्या बाईनं आधी मागच्या शीटकडे वाकून पाहिलं. डबा तिथंच होता. पोरगा खाली बसला आणि म्हणाला, "लिहा, काय लिहाचं ते."

रायटरनं मला हळूच विचारलं, "साहेब, नेहमीचंच टाकू? गोपनीय बातमीदाराकडून खात्रीशीर बातमी मिळाली म्हणून?"

टाकता आलं असतं. हजारो कागदांवर ते वाक्य आहे, आणि त्यामागे कोण असतं ते कुणी विचारत नाही. पण मग रविवार ते गुरुवार मी कुठं होतो, हे फक्त त्या चोराला, त्या खोलीला, मला आणि झाकलेल्या भाताला ठाऊक राहिलं असतं. मी वरिष्ठांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, गाडीच घ्यायची होती तर शोरूमला जायचं!" तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, माझा जबाब साक्षीदार म्हणून नोंदला गेला, आणि लेखी ताकीद माझ्या सेवापुस्तकात चिकटली. ती योग्यच होती.

न्यायालयाच्या आदेशानं सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गाडी त्यांना परत मिळाली. त्या दिवशी मी त्यांना आवारात गाठून सांगितलं, "तुम्ही फोटो घेऊन आलात तेव्हा गाडी कुठे आहे ते मला माहीत होतं."

ते ऐकून त्यांनी चावी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल ते ऐकून घ्यायचं.

"चालवली होती तुमी?" त्यांनी विचारलं.

"चालवली. करडीच्या रस्त्यानं."

"कशी वाटली?"

मी गाडीच्या लांब नाकाकडे पाहिलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "या बसा म्हटलं असतं जी," ते म्हणाले, "पण ती बसली हाय." बायको खरंच आत बसली होती, पदर सावरून, समोर रस्त्याकडे पाहत. ते उजवीकडून उतरले आत. फाटकाबाहेरचा गतिरोधक त्यांनी इतका अलगद तिरपा घेतला की बुडाला मातीसुद्धा लागली नाही.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो. समन्स आलं, चार दारांच्या गाडीनं गेलो. उलटतपासणीला बचाव पक्षाचे वकील तरुण होते.

"आपण ही गाडी विकत घ्यायला गेला होतात?"

"हो."

"आवडली होती?"

"हो."

न्यायाधीशांनी विचारलं, "हा प्रश्न कशासाठी?"

"साक्षीदार हितसंबंधी आहे, हे दाखवायचं आहे." वकील पुन्हा माझ्याकडे वळले. "काचेवरची खूण दिसूनही आपण गप्प राहिलात, कारण गाडी आपल्याला हवी होती. बरोबर?"

"बरोबर."

"आजही हवी आहे?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, "याचं उत्तर देण्याची आवश्यकता नाही."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते तिथं उभं असताना कळलं. आम्ही पोलीस समजतो, खोटं बोलणारा माणूस खोटं लपवत असतो. पुष्कळदा तो एखादी इच्छा लपवत असतो. खोटं त्या इच्छेवर टाकलेली ताडपत्री असते. समोरच्याला "खरं सांग" म्हणून दरडावताना आपण त्याच्याकडून नेमकं काय मागतोय, हे मला एवढ्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. आणि इच्छा वाईट नसते. तिच्यापायी आपण दुसऱ्याच्या शीटवरची बाई पाहायची विसरतो, ते वाईट.

"देतो उत्तर," मी म्हणालो. "हो. आजही हवी आहे."

टंकलेखकानं बोटं थांबवून न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तसं त्यानं टंकलं. शेवटी कागद माझ्यापुढे आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: साक्षीदारास सदर वाहन आजही हवे आहे. खाली नेहमीची ओळ होती, वाचून दाखविले, बरोबर आहे. मी चष्मा लावून ते आणखी एकदा वाचलं आणि सही केली.