गालाला लावून

आमच्या विणकामाच्या गटात एक रीत आहे. कुणी नातवंडासाठी काही विणून आणलं की ते हातोहात फिरतं आणि आम्ही सगळ्याजणी ते गालाला लावून बघतो. टोचलं, तर लोकर बदलायची. सरकारी दवाखान्यातल्या बाळांसाठी विणलेल्या टोप्या मात्र कुणी गालाला लावत नाही. त्या थेट टोपलीत जातात.

काल गटात नव्यानंच आलेल्या शैलाताईंनी टोपलीतली एक टोपी उचलली आणि सहज गालाला लावली. ती माझी होती, उरल्यासुरल्या खरखरीत लोकरीची. त्यांनी गाल चोळला.

"टोचते का हो?" मी विचारलं.

"थोडी," त्या म्हणाल्या. "पण वीण किती सुबक आहे तुमची!"

त्या कौतुकानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देताना आपल्याला आपला पुढे केलेला हात तेवढा दिसतो. घेणाऱ्याचा गाल डोळ्यांसमोर येतच नाही. ते एवढंसं बाळ डोक्याला टोचलं म्हणून रडणार, आणि आईला वाटणार, भूक लागली असेल.

माझ्या मांडीवर नातीसाठी नुकताच पुरा केलेला स्वेटर होता, सायीसारखा मऊ. शैलाताईंनी तो बघायला हात पुढे केला. मी घाईघाईनं पिशवीत कोंबला आणि म्हटलं, "अजून व्हायचाय."