आयर्लंडची बाई आणि आमची जयंती

सांगलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा मला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण जाताना केस घेऊन गेला. फणी फिरवली की पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. आईनं जास्वंदीचं तेल लावून बघितलं, उपयोग झाला नाही. शेवटी आबा म्हणाले, "रोज थोडं थोडं रडण्यापरीस एकदाच काढून टाकू."

आबा म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. तासगावातल्या आमच्या घरापुढं त्यांनी मला स्टुलावर बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि आपल्या दाढीच्या सामानानं माझं डोकं साफ केलं.

"भरतीच्या दिवशी आमचं बी असंच केलतं," ते म्हणाले. "सगळी एकसारखी दिसाया लागली. कोण कुठला, वळखूच येईना."

तेव्हा मी हसले. आरशात बघितल्यावर मात्र ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि घरात बसून राहिले. कॉलेजचं नावही काढलं नाही.

माझी ताई पाचगणीला एका बोर्डिंग शाळेच्या दवाखान्यात नर्स होती. मार्चमध्ये ती मला बघायला आली. येताना तिनं स्ट्रॉबेरी आणल्या आणि एक कॅसेट. शाळा संपवून परदेशी निघालेल्या एका मुलीनं ती तिला दिली होती. कव्हरवर एका बाईचा फोटो होता. मोठाले डोळे, आणि डोक्यावर नावाला केस नाही. आयर्लंडची गायिका होती ती.

आईनं कव्हर हातात घेतलं. "ह्या बाईला बी टायफॉइड झालता?"

"न्हाई गं. हिनं आपल्या मनानं काढल्यात."

"का? कोण गेलं का काय हिचं?"

"कंपनीवाले म्हणाले, केस वाढव, जरा नटून ऱ्हा, म्हंजे लोकांना आवडशील. ही उठली आणि न्हाव्याकडनं सगळंच काढून आली."

आईनं कव्हर पदरानं पुसून ताईला परत दिलं. मग म्हणाली, "बरं केलं."

आबांनी मिलिटरी कॅन्टीनमधून आणलेल्या टेपवर आम्ही ती कॅसेट लावली. शब्द फारसे कळत नव्हते. आवाज मात्र कळत होता. कानात काही सांगितल्यासारखं ती सुरू करायची आणि बघता बघता असा आवाज काढायची की ताटातला घास ताटातच राहायचा. मी तोवर गायचे ती रेडिओवरच्या बायकांसारखी, बारीक आणि गोड. एवढ्या मोकळ्या गळ्यानं बाईमाणसानं गायलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

ताईला त्या मुलीनं आणखीही सांगितलं होतं. तिकडं लहान लेकरांवर फार अन्याय झालेला, आणि धर्मातली मोठी माणसं गप्प बसलेली. ही बाई ते टीव्हीवर सगळ्या जगासमोर बोलली. लोक इतके खवळले की पुढं एका कार्यक्रमात तिला गाऊच देईनात. नुसता गोंगाट.

"मग पळाली?" आईनं विचारलं.

"न्हाई. हुबी ऱ्हायली आणि आणखी मोठ्यानं गायली."

त्या दिवसांत आई बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची. घरात कुढत बसू नको म्हणून तिनं मलाही बरोबर नेलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, टेपही पिशवीत घातला. शेडमध्ये बायका ओळीनं बसून बेदाणा निवडत होत्या, चांगला एकीकडं, काळा पडलेला एकीकडं. आईनं कॅसेट लावली. आधी सगळ्या हसल्या. मग एक गाणं लागलं, त्यात वाद्यं जवळजवळ नव्हतीच, नुसता तिचा आवाज. हातातलं काम चालू ठेवून सगळ्या ऐकू लागल्या.

"ही कुणाला तरी लय बोलतीया," आईशेजारची एक म्हातारी म्हणाली.

"सासूला आसंल," कुणीतरी म्हणालं.

"सासूला कशाला, नवऱ्यालाच."

मग जी ती आपापलं सांगू लागली. तिनं कुणाला काय सुनावलं असेल आणि आपल्याला कुणाला काय सुनवायचं राहिलंय. दुपार हसण्यातच गेली. उकाड्यात माझी ओढणी कधी खांद्यावर आली ते मला कळलं नाही. घरी परतताना लक्षात आलं, की दिवसभर मी तशीच बसले होते आणि माझ्या डोक्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. ती म्हातारी तेवढी जाता जाता माझ्या टाळूवर हात फिरवून म्हणाली, "विहारात येत्यात त्या भिक्खुणीवानी दिसतीस गं. तेज आलंया."

दुसऱ्या दिवसापासून काम सुटल्यावर मी रिकाम्या शेडमध्ये गाऊ लागले. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. आमच्या वस्तीत जयंतीला बायकांची गायन पार्टी असायची आणि आई तिची म्होरकी. मी दरवर्षी मागच्या रांगेत. या वर्षी आईनं शेडच्या दारातून मला ऐकलं आणि तशीच घरी गेली. जेवताना म्हणाली, "ह्या बारीला पयलं गाणं तू म्हणायचं."

जयंतीच्या संध्याकाळी स्टेज सजलं. मी निळी साडी नेसले होते. डोक्यावर बोटभरही केस नव्हते, नुसती काळी लव. मंडळाचा एक कार्यकर्ता आईजवळ आला. माणूस वाईट नव्हता, काळजीनंच बोलत होता.

"मावशी, पोरीला पदर घ्याया सांगा. फोटो निघणार हायत, पाव्हणे आल्यात."

माझा हात लगेच पदराकडं गेला. आई सभेत कधी चकार शब्द बोलायची नाही. गायची, पण बोलायची नाही. ती त्याला म्हणाली, "ती काय डोक्यानं गाणार हाय व्हय रं? गळ्यानं गाणार हाय. गळा उघडा हाय की."

मागं बसलेल्या शेडवरच्या बायका खदखदून हसल्या. तोही हसला आणि माईक माझ्या उंचीला लावून गेला.

मी हळू सुरुवात केली. गाणं आमचंच होतं, आईनं शिकवलेलं, लहानपणापासून पाठ. पण त्या दिवशी दुसऱ्या कडव्यापासून मी आवाज सोडला, अजिबात न आवरता. ढोलकीवाल्यानं मान वर करून बघितलं आणि हात जोरात चालवला. पार्टीतल्या बायकांनी धृपद उचललं ते असं, की पलीकडच्या आळीतली माणसं बघायला आली. खाली उतरले तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं, की काय सांगू.

आबांनी सगळा कार्यक्रम टेप केला होता. घाईत नवी कॅसेट सापडली नाही, म्हणून त्यांनी पाचगणीच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवरच आम्हाला भरलं. ताईला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

"आबा, अर्धी बाई पुसून टाकलीसा की."

"अर्धी हाय की अजून," आबा शांतपणे म्हणाले. "आणि अर्ध्यात आमी."

जूनमध्ये मी कॉलेजला परत गेले. तोवर सांगलीत घरोघरी केबल आली होती आणि वर्गातल्या मुलींनी त्या बाईला टीव्हीवर बघितलं होतं. एकीनं विचारलं, "तिच्यासारखे कापलेस?" मी हो म्हणाले. टायफॉइडचं नाव काढलं नाही. पुढं केस वाढले तरी मी ते आखूडच ठेवले, आणि गॅदरिंगला दरवर्षी गायले. तिच्याबद्दल अधूनमधून काहीतरी कानावर यायचं, आज अमक्याला बोलली, उद्या तमकं नाकारलं. लोक चिडायचे, आणि तिची गाणीही ऐकायचे.

त्या जयंतीच्या पुढच्या वर्षी खंडाळ्याला मामेबहिणीचं लग्न होतं. मामानं हट्टानं ती कॅसेट मागवून घेतली आणि स्पीकरवाल्याकडं दिली. पंगती बसल्या, तेव्हा मांडवात आमचं जयंतीचं गाणं वाजत होतं. बाजू संपली. स्पीकरवाल्यानं न बघताच कॅसेट उलटून लावली आणि आयर्लंडची बाई सगळ्या खंडाळ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सुरू झाली.

नवऱ्या मुलाचे काका पत्रावळीवरून मान वर करून म्हणाले, "आवं, ही कोण?"

आई भाताची बुट्टी घेऊन वाढत होती. "आमच्या पोरीच्या पार्टीतली हाय," ती म्हणाली. "परगावी असती. भात वाढू का?"

काकांनी भात घेतला. स्पीकरवाला गाणं बंद करायला निघाला होता, त्याला मामानं हातानंच थांबवलं. पंगत उठेपर्यंत ती गात राहिली, आणि मांडवाच्या कडेला करवल्यांनी तिच्या तालावर फेर धरला.