आपल्या क्वार्टरमधून दिसणारा डोंगर

गेल्या शनिवारी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन पचमढीला गेलो. भोपाळच्या बाग सेवनियातून, आमच्या घरून, सकाळी निघालं की जेवणाच्या वेळेला माणूस तिथे पोचतो. इतकं जवळ... आणि अण्णा तिथे लहानपणानंतर आत्ता गेले.

अण्णांचे वडील नागपूरला, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांताच्या राजधानीत, सरकारी कारकून. तेव्हा उन्हाळा आला की फायलींसकट अख्खं ऑफिस पचमढीला जायचं. मागोमाग बायकामुलं, लोणच्याच्या बरण्या, गाद्यांच्या वळकट्या... पिपरियापर्यंत रेल्वे आणि मग घाट. पुढे राजधानी भोपाळला आली, हे कुटुंबही आलं, आणि काही वर्षांनी ते उन्हाळी बिऱ्हाड बंदच झालं.

आमच्या घरात पचमढीचा भूगोल सगळ्यांना पाठ आहे. बशीसारखं पठार, कडेने सातपुड्याचे डोंगर, त्यातला सगळ्यांत उंच धूपगड, आणि महादेवाला त्रिशूळ वाहतात तो चौरागड. पाठ असण्याचं कारण म्हणजे एक भांडण.

अण्णा म्हणायचे, आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून धूपगड दिसायचा, संध्याकाळचं ऊन थेट चुलीवर यायचं. नागपूरच्या आत्या, म्हणजे त्यांच्या बऱ्याच मोठ्या बहीण, म्हणायच्या, छे, चौरागड. आई पोळ्या करता करता तिकडे हात जोडायची. वर, "तिथल्याच पायऱ्यांवरून तू रांगता रांगता पडलास," म्हणून अण्णांच्या हनुवटीवरचा व्रण दाखवायच्या. अण्णा चिडायचे. आपल्या स्वयंपाकघराला पायऱ्या नव्हत्याच, ताई काहीही जुळवते!

दर भाऊबीजेला ओवाळणं झालं की हेच. एकदा जाऊनच बघू या म्हटलं की आत्यांचं ठरलेलं उत्तर, "आधी कबूल कर बाळ्या, मंग येईन मी." अण्णाही काही कमी हट्टी नाहीत. आम्ही हसायचो आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा...

यंदा श्रावणात आत्या गेल्या. भाऊबीज ओवाळणीशिवायच गेली. मग एक दिवस आपणहूनच म्हणाले, पचमढीला जाऊ.

जुन्या क्वार्टरांची ओळ अजून उभी आहे. बरीचशी बंद, कौलं घसरलेली. अण्णा काठी टेकत आमच्या पुढे गेले आणि एका दारापाशी थांबले. मागच्या बाजूला जाऊन बघतो तर झाडांच्या वर समोर धूपगड! अण्णा इतके खूश झाले की आधी फोटो काढायला लावला. मलाही बरं वाटलं... चला, एकदाचा निकाल लागला.

नवऱ्याने गाडी पलीकडच्या गल्लीत लावली होती, म्हणून परत येताना तिकडून चालत निघालो. तिथे तशाच क्वार्टरांची आणखी एक ओळ होती. फक्त उतारावर बांधलेली, त्यामुळे प्रत्येक स्वयंपाकघराच्या दाराला दगडी पायऱ्या.

अण्णा थबकले. हळूहळू एका दाराच्या पायऱ्या चढले आणि वळून पाहिलं... समोर चौरागड.

ऑफिस जे क्वार्टर देईल त्यात तो उन्हाळा काढायचा, अशी तेव्हाची पद्धत. अण्णांना कळायला लागेपर्यंत आत्यांचं लग्न झालं होतं आणि क्वार्टरही बदललं होतं. पण घरात दोन्हींना "आपलं क्वार्टर"च म्हणायचे. कुठलं, हे एकमेकांना विचारायचं दोघांनाही कधी सुचलं नाही.

अण्णांचा हात हनुवटीवर गेला. नवऱ्याला म्हणाले, "इथला पण एक फोटो काढ. पायऱ्या आल्या पाहिजेत. आणि ताईला लगेच पाठवून दे."

नवऱ्याने मोबाइल वर धरला होता, तो तसाच राहिला. अण्णांना स्वतःलाच आठवलं असावं... ते खाली पायरीवर बसले.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना एवढंच म्हणाले, "मी कबूल केलं असतं ना, तर ती आली असती."

दोन्ही फोटो आता त्यांच्या खोलीत लावलेत, शेजारी शेजारी. दोघांचंही बरोबर होतं, हे कळलं याचं समाधान वाटायला हवं. पण येत्या भाऊबीजेला अण्णांनी भांडायचं कुणाशी... मला त्याचंच वाईट वाटतंय.