टॉयची चिठ्ठी

शनिवार पेठेतल्या शब्दकोशाच्या कार्यालयात उल्काबाई चौतीस वर्षं इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या लिहीत आल्या. एका शब्दाला एकच चिठ्ठी, सगळ्यांत जुना अर्थ वर, कोपऱ्यात लिहिणाऱ्याची आद्याक्षरं नि तारीख. कुणी तारीख विसरलं की बाई विचारणार, "ही काय आकाशातून पडली का?"

त्या सकाळी 'टॉय' हाती आला आणि बाई खुशीत आल्या. लोकांना वाटतं, टॉय म्हणजे पोरांचं खेळणं. अहो, कसलं काय! आधी तो शब्द प्रेमातल्या लाडीगोडीला होता, मग किरकोळ वस्तूंना. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमचे कारागीर बुटांची बक्कलं, बटणं, तपकिरीच्या डब्या घडवत, त्यांनाही टॉयच म्हणत. सगळी मोठ्यांची चैन! चिठ्ठी झकास उतरली. ती लावायला त्यांनी 'टी'चा खण ओढला.

तिथे टॉयची चिठ्ठी होतीच. बक्कलं, बटणं, डब्या. अक्षर त्यांचंच. तारीख गेल्या मंगळवारची.

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. आपण लिहिली ही? काही म्हणजे काही आठवेना. त्यांची आई शेवटी शेवटी त्यांनाच "आपण कोण?" विचारायची. इकडेतिकडे बघत त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये कोंबल्या.

"ताई, टॉय झाला?" दारात संपादक आमोद उभा होता. बाईंच्याच हाताखाली शिकलेला.

"कधीच!" बाईंनी पर्सची चेन ओढली.

आमोदने आपल्या कपाटातून एक पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. आत टॉयच्या आणखी नऊ चिठ्ठ्या. पहिली मार्चमधली, आता तर गणपती तोंडावर आले होते. इतके महिने तो त्या गुपचूप खणातून काढून ठेवत होता; मंगळवारचीच तेवढी राहून गेली होती.

"एकीतही चूक नाही, ताई," तो म्हणाला. "सांगायचा धीरच झाला नाही."

"गाढवा," बाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "मला फार भीती वाटतेय रे."

"घरी कळवू?"

"माझ्या वल्लरीला फोन लाव. लेकीला मीच सांगते. पण आत्ताच लाव. घरी पोचेपर्यंत हे माझ्या लक्षात राहील की नाही, कुणास ठाऊक."